पुढे वाटलं तर

दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत ती काम करायची. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घ्यायचे, ते माप मधल्या खिडकीतून मागे यायचं आणि तिथून पुढे ते तोंड तिच्या ताब्यात जायचं. मापात प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की त्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवायची आणि मेणात एकेक दात रोवायचा. मेणाची कवळी तयार झाली की ती स्वतः पुढच्या खोलीत घेऊन जायची. दात प्लास्टरवर कितीही छान दिसले तरी तोंडात गेल्यावर काय रंग दाखवतील सांगता येत नाही, असं ती म्हणायची.

म्हाताऱ्या माणसांना ती आवडायची, कारण तिला कधी घाई नसायची. "हसा बरं," ती म्हणायची. "असं नाही, फोटोतलं नको. शेजाऱ्याची फजिती झाली असं समजा." मग समोरचं माणूस खुदकन हसायचं आणि पुढचे दात किती दिसायला हवेत ते तिला कळायचं. सगळे तिला कवळीताई म्हणायचे. सुरुवातीला तिला ते टोचलं. नंतर सवय झाली, आणि त्याहीनंतर कुणी खऱ्या नावाने हाक मारली की ती मागे वळून बघेनाशी झाली.

तिचा नवरा शहरातल्या पोहण्याच्या तलावावर शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. पाण्याला भिणारं, पायरीला घट्ट धरून रडणारं मूल आलं की बाकीचे शिक्षक ते हळूच मास्तरकडे सरकवत. तो त्या मुलाशी पाण्याबद्दल बोलायचाच नाही. त्याच्या चपलांबद्दल बोलायचा, घरातल्या मांजराबद्दल विचारायचा, आणि बोलता बोलता मूल गळ्याएवढ्या पाण्यात कधी आलं ते त्या मुलालाही कळायचं नाही. त्याच्यावर मुलांचा जीव होता. लोक ते बघायचे आणि मग हमखास म्हणायचे, "मास्तर, इतकी आवड आहे तुम्हाला, आणि स्वतःचं…"

स्वतःचं नव्हतं. होत नव्हतं असं नाही, दोघांना नको होतं. हे सांगायला एक वाक्य पुरे, पण लोकांच्या गळी उतरवायला आयुष्य पुरत नाही. लोक विचारायचे, का? या 'का'ला दोघांकडे उत्तर नव्हतं. काही आजार नाही, बालपण वाईट गेलं असंही नाही, जगाचं पुढे कसं होणार ही चिंताही त्यांनी कधी वाहिली नव्हती. एखाद्याला गाणं शिकायचं नसतं, तसं त्यांना मूल नको होतं. गाणं न शिकणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं 'बघू' म्हणण्यात गेली. मग एका रविवारी ती भांडी घासत होती आणि मास्तर पुसत होता. घासता घासता ती म्हणाली, "आपण 'बघू, बघू' म्हणतो खरं. पण मला काही बघायचं नाहीये."

मास्तरने हातातलं ताट पुसून खाली ठेवलं. "बरं झालं बोललीस," तो म्हणाला. "मलाही नाही."

विषय मिटला. म्हणजे त्या दोघांपुरता मिटला. सासूबाई होत्या तोवर त्या अधूनमधून म्हणायच्या, "आत्ता नाही वाटत गं. पुढे वाटेल." त्या रागाने म्हणायच्या नाहीत. उद्या ऊन असेल, कपडे वाळत घाल, असं सांगावं तसं म्हणायच्या. म्हणूनच ते वाक्य जास्त चिकटलं. सासूबाई गेल्या, वाक्य घरातच राहिलं. बसमध्ये खिडकीशी बसलेली असताना, कधी भाजी निवडताना, कवळीताईच्या मनात यायचं: पुढे खरंच वाटलं तर? मग बस थांब्यावर यायची, नाहीतर भाजी निवडून व्हायची. पुढे म्हणजे तेव्हा फार पुढे होतं.

चाळिशी उलटली आणि तिची पाळी बिघडली. महिन्यातले निम्मे दिवस अंगावर जायला लागलं. जिना चढताना धाप लागायची, ओठ पांढरे पडायचे. एकदा कवळी घासायच्या चाकासमोर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हात सैलावला आणि एका सद्गृहस्थांची खालची बत्तिशी चाकावरून उडून थेट कोपऱ्यातल्या बादलीत गेली. डॉक्टरांनी तिला तिथल्या तिथे त्यांच्याच खुर्चीत आडवं केलं. आयुष्यभर ती खुर्ची तिने उभ्यानेच बघितली होती.

मग बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे तपासण्या झाल्या. गर्भाशयात गाठी निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेरूसारखं चित्र काढलं आणि त्यात पेनाने ठिपके भरले.

"दोन मार्ग आहेत," त्या म्हणाल्या. "गाठी तेवढ्या काढून पिशवी ठेवायची. पण गाठी पुन्हा येऊ शकतात आणि तुमच्या अंगात रक्त फार कमी उरलंय. नाहीतर पिशवीच काढून टाकायची, म्हणजे कटकट संपली. मुलं आहेत?"

"नाही."

"हवंय?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "या वयात अवघड आहे, पण अगदीच अशक्य नाही. म्हणून विचारते."

हा प्रश्न कवळीताईला नवा नव्हता. शेजारणींनी, आत्याने, एकदा तर टॅक्सीवाल्यानेही विचारला होता, आणि तिचं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "विचार करून सांगते."

बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली. कसला विचार करायचा होता, तिचं तिलाच कळेना.

घरी आल्यावर तिने मास्तरला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, तिच्यासाठी पाणी आणलं आणि म्हणाला, "तुझं शरीर आहे. तू ठरवशील ते मला मान्य."

"वा," ती म्हणाली. "फार छान बोललास. चौकटीत घालून भिंतीवर लाव."

"आता मी काय चुकीचं बोललो?"

"काहीच नाही. तीच तर पंचाईत आहे."

तो गप्प झाला. मास्तरचं गप्प होणं वाईट नसायचं. तो पाण्याखाली गेल्यासारखा गप्प व्हायचा, बुडबुडे दिसत राहायचे. पण त्या आठवड्यात तो तलावावर रोजच्यापेक्षा लवकर जायला लागला आणि घरी आला की नको ती कामं काढायला लागला. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, खिडक्यांच्या घातलं, आणि एकही दार वाजेनासं झाल्यावर त्याला करायला काही उरलं नाही.

तिची धाकटी बहीण शाळेत गणित शिकवायची. तिला दोन मुलं होती. तिने फोनवर ऐकलं आणि ती एकदम पेटली.

"ताई, पिशवी ठेव. मी काय म्हणते, लगेच मूल कर असं कोण म्हणतंय? नुसती ठेव. दार उघडं असलेलं बरं असतं."

"दार उघडं ठेवलं की धूळ येते," कवळीताई म्हणाली.

"सगळ्याची थट्टा करतेस तू. उद्या सत्तरीत एकटी बसशील ना, तेव्हा आठवेल." आणि धाकटीने फोन ठेवून दिला. ती कधी असा फोन ठेवायची नाही. 'बरं, ठेवू का' असं निदान चारदा तरी म्हणायची.

त्यानंतर कवळीताईला एक खोड लागली. मेणाची कवळी घेऊन ती पुढे जायची तेव्हा तोंडाआधी ती बघायची, बरोबर कोण आलंय. एका आजोबांना मुलाने आणलं होतं. मुलगा खुर्चीच्या मागे उभा राहून सारखा घड्याळात बघत होता, आणि तरी वडिलांच्या गळ्यात फडकं बांधताना त्याने गाठ मानेला लागणार नाही अशी हळुवार बांधली. एक आजी तीन मुलींना घेऊन आल्या होत्या. दात किती पांढरे असावेत यावरून तिघींची अशी जुंपली की आजी मधे बसून मिटक्या मारत मजा बघत राहिल्या. एक गृहस्थ एकटेच आले, शीळ घालत. दात बसल्यावर शीळ वाजेना म्हणून त्यांचं तोंड एवढंसं झालं. कवळीताई बघत होती, तुलना करत होती, आणि हाती काहीच लागत नव्हतं. ज्याच्याबरोबर कुणी नव्हतं तो रडका दिसत नव्हता आणि ज्याच्याबरोबर होतं तो काही सुखाने ओसंडत नव्हता.

अशात टेलिफोनबाई आल्या. जुन्या काळी टेलिफोनच्या कचेरीत त्या लोकांचे फोन जोडून द्यायच्या. निवृत्त होऊन युगं लोटली होती, पण पाठ अजून सरळ होती आणि आवाज असा स्वच्छ की पलीकडच्या खोलीतही शब्द न् शब्द कळावा. त्यांची एकच अट होती: दिसायला कवळी कशीही चालेल, पण 'स' शुद्ध यायला पाहिजे.

"सहासष्ट म्हणा," कवळीताई म्हणाली.

"शहाशष्ट," टेलिफोनबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "अगंबाई. हे काय झालं?"

कवळीताईने पुढचा दात किंचित आत घेतला. "पुन्हा."

"सहा… शष्ट."

"होतंय. अजून थोडं." ती मेण गरम करत होती. डॉक्टर चहाला गेले होते, खोलीत दोघीच होत्या. "तुमच्याबरोबर कुणी आलं नाही?"

"कोण येणार? मला मूलबाळ नाही. आम्हाला नकोच होतं. बसने आले, बसने जाईन."

कवळीताईचा हात थांबला. मग आजवर जे तिने कुणाला विचारलं नव्हतं, ते तिने या अनोळखी बाईला विचारलं. "तुम्हाला नंतर कधी वाईट वाटलं का हो?"

टेलिफोनबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग तोंडातली मेणाची कवळी काढून ती नीट वाटीत ठेवली. दातांशिवाय त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. 'स'चं भान आता त्यांनी सोडून दिलं होतं. "अधूनमधून वाटतं. एखादं वर्ष कोरडं जातं, एखाद्या आठवड्यात रोज वाटतं. त्याने काही होत नाही, माणूस जेवतो-झोपतो. मला बोचतं ते वेगळंच."

"काय?"

"आम्ही तिशीत असताना मी म्हटलं, मला नको. नवरा म्हणाला, बरं. त्यानंतर मी त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. दिवसभर लोकांना 'बोला, लाइन चालू आहे' म्हणायचे मी. घरी आले की त्याची लाइन मीच बंद ठेवली. भीती वाटायची, त्याचं मत बदललेलं असलं तर? मग तो गेला. आता त्याला तेव्हा, नंतर, म्हातारपणी काय वाटत होतं ते मला कधीच कळणार नाही. हो असतं तरी मी ऐकून घेतलं असतं, नाही असतं तरी घेतलं असतं. ठाऊकच नाही, हे फार वाईट बघ."

कवळीताईने वाटीतल्या कवळीचा दात आणखी किंचित आत घेतला आणि ती पुढे केली. टेलिफोनबाईंनी ती तोंडात बसवली. "हं. आता घे. सहासष्ट."

'स' अगदी स्वच्छ आला. टेलिफोनबाई खूश झाल्या आणि सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर म्हणत सुटल्या.

दुपारी कवळीताईने सुट्टी मागितली आणि ती चालत तलावावर गेली. सकाळची मुलं गेली होती, संध्याकाळची यायची होती. आत क्लोरीनचा वास कोंडलेला होता आणि ओल्या पावलांचे ठसे अजून फरशीवर होते. मास्तर लांब दांड्याच्या जाळीने पाण्यावरचा कचरा काढत होता. तिला बघून तो दचकला.

"काय झालं? चक्कर आली?"

"नाही. बस इथे."

दोघं काठावर बसली. तिने चपला काढून पाय पाण्यात सोडले. पोहायला शिकवणाऱ्याची बायको असून तिला पोहता येत नव्हतं, आणि शिकायची हौसही नव्हती. एवढ्या वर्षांत ती तलावात घोट्याच्या वर कधी भिजली नव्हती.

"मला तुझं मत हवंय," ती म्हणाली. "मान्य-बिन्य नको. तुला कधी वाटलं का? आपण नको म्हटल्यानंतर?"

मास्तरने जाळीत अडकलेलं एक पान काढून काठावर ठेवलं. जाळीचा दांडा त्याच्या मांडीवर आडवा होता.

"एकदा," तो म्हणाला.

तिने पाय पाण्यातून वर घेतले. तरी ती म्हणाली, "सांग."

"एक मुलगी होती. महिनाभर पाठीवर तरंगायला शिकवत होतो. पाठीखाली हात धरायचा मी, आणि हात काढला की ती लाकडासारखी ताठ व्हायची आणि बुडायची. एक दिवस मी हात काढला आणि तिला कळलंच नाही. वर छताकडे बघत पडून राहिली, मजेत. मग कळलं तेव्हा जी ओरडली! तेव्हा नाही हं वाटलं. ते माझं कामच आहे. पण मग ती बाहेर पडली. तिचा बाप काठावर टॉवेल पसरून उभा होता, हा असा. ती धावत गेली आणि त्या टॉवेलात घुसली. मी पाण्यातच होतो. तेव्हा मला वाटलं, एकदा आपण तिकडे उभं राहायला हवं होतं. टॉवेल घेऊन."

"मग?"

"मग काय. ती कपडे बदलून घरी जाईपर्यंत वाटत होतं. मग मला भूक लागली."

ती हसली, पण डोळे भरून आले होते. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू घाबरली असतीस. आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. मी नुसतं वाटलं म्हणालो असतो, तू लगेच मेण गरम करायला घेतलं असतंस."

हे खरं होतं. वर कुठेतरी पाइपात पाणी खळखळत होतं.

"आता हवंय?" तिने विचारलं. "आत्ता. खरं सांग."

या वेळी त्याने वेळ घेतला. तिने घाई केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "आत्ता विचारशील तर नाही. पण मला कधी वाटलंच नाही असं मात्र समजू नकोस."

"मला मात्र नाही वाटलं," ती म्हणाली. "तेच तर. तुझ्यासारखा टॉवेल-बिवेल काहीच नाही. बहिणीच्या मुलांना कडेवर घेतलं तेव्हा छान वाटलं, परत दिलं तेव्हाही छान वाटलं. मला भीती वाटते की माझ्यात काहीतरी बसवायचंच राहून गेलंय. आणि ते एकदम म्हातारपणी उगवेल, अक्कलदाढेसारखं, जागा नसताना."

मास्तर तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "तुला पोहायलाही आवडत नाही. मी कधी म्हटलं का, तुझ्यात काही राहून गेलंय?"

"मनात म्हटलं असशील."

"मनात म्हटलं," त्याने कबूल केलं. "सुरुवातीला. नंतर विसरलो."

"आणि उगवलंच म्हातारपणी, तर?"

"तर मला सांग. मी असलो तर."

हे फार मोठं उत्तर नव्हतं. पण ती तेवढ्यावर उठली, ओल्या पायांनीच चपला घातल्या आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना कळवलं की पिशवी काढा. तिला जिना चढायचा होता, चाकासमोर उभं राहायचं होतं. पुढच्या भीतीने आत्ता रक्त घालवत बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर मदतीला धाकटी आली. फोन ठेवल्यापासून दोघी सरळ बोलल्या नव्हत्या. धाकटीने आल्या आल्या पदर खोचला, कपाटातले डबे स्वतःच्या पद्धतीने लावले, मास्तरला "भाऊजी, तुम्ही मधे मधे येऊ नका" असं बजावून तलावावर पिटाळलं आणि ताईच्या औषधांचं वेळापत्रक फळ्यावर गणित मांडावं तसं तोंडपाठ करून टाकलं. बोलायची मात्र कामापुरतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती ताईचे केस विंचरत होती. गुंता फार झाला होता. एका गाठीशी झगडता झगडता ती अचानक म्हणाली, "माझ्या मुलांना कुणी मावसभावंडं नाहीत."

कवळीताईला आधी कळलंच नाही. "काय?"

"त्यांच्या बाबांना बहीण-भाऊ नाहीत. मला तू एकटी. तुला आठवतं, सुट्टीत आपण सगळी मामाकडे एका खोलीत आडवी पडायचो, आणि मामी दारात उभी राहून ओरडायची? माझ्या मनात तेच होतं, ताई. तुझी दोन, माझी दोन. ती एका खोलीत दंगा करतील आणि आपण दोघी दारात उभ्या राहून ओरडू. मी तुझ्या म्हातारपणाच्या नावाने बोंब मारत होते, पण तुझं म्हातारपण माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मला ते ओरडायचं होतं."

कंगवा थांबला होता. कवळीताईने एवढ्या वर्षांत या गोष्टीकडे सगळ्या बाजूंनी बघितलं होतं, असा तिचा समज होता. स्वतःच्या बाजूने, मास्तरच्या, सासूबाईंच्याही. ही बाजू तिला कधी दिसलीच नव्हती.

"आधी का नाही बोललीस?"

"कुठल्या तोंडाने बोलू? माझ्या पोरांना खेळायला कुणी नाही, तू पोट वाढव, असं?"

कवळीताईला हसू फुटलं. हसताना टाके ताणले आणि ती कळवळली. "हसवू नकोस गं, मरेन." धाकटीही हसायला लागली आणि हसता हसता रडायला. कवळीताईने मागे हात नेऊन तिचं मनगट धरलं.

"हे माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली. "चुकलं असं नाही म्हणणार मी. पण राहिलं."

"हं," धाकटी म्हणाली. तिने नाक पुसलं आणि कंगवा पुन्हा उचलला. "मान सरळ ठेव."

त्यानंतर वर्षं गेली. कवळीताईच्या अंगात रक्त भरलं, ती पुन्हा एका दमात जिना चढायला लागली. मास्तरचा गुडघा कुरकुरायला लागला म्हणून दोघं तळमजल्यावरच्या घरात राहायला गेली. धाकटीची मुलं मोठी झाली, आपापल्या वाटांनी लांब गेली, आणि धाकटी रविवारी ताईकडे यायला लागली.

असाच एक रविवार होता. पन्नाशी ओलांडून बरेच दिवस झाले होते. दोघी बहिणी स्वयंपाकघरात होत्या.

"पुढारी दे गं इकडे," कवळीताई सहज म्हणाली.

"काय देऊ?"

"पुढारी. ते पातेलं. ते कधी कुठल्या बाजूला कलेल, सांगता येत नाही ना, म्हणून."

धाकटी खो खो हसली. तिने पातेलं दिलं आणि दुसरा विषय काढला. संध्याकाळी ती गेली. कवळीताईने भांडी घासली, पातेलं पालथं घातलं, आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. तिच्या मनात आलं, हा शब्द फक्त आम्हा दोघांनाच कळतो. असे किती शब्द या घरात आहेत. आम्ही गेलो की पातेलं कुणाकडे तरी जाईल, पण त्याला पुढारी म्हणणारं कुणी उरणार नाही. एखादं मूल असतं तर ते दुसऱ्या कुठल्या तरी घरात, दुसऱ्या कुठल्या तरी भांड्याला हसत हसत पुढारी म्हणालं असतं.

आणि मग ते आलं. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली, ते असं, साध्या उजेडात, हात ओले असताना. फार मोठं नव्हतं. पण खरं होतं, यात तिला जरासुद्धा शंका वाटली नाही.

मास्तर बाहेरच्या खोलीत चपलेचा पट्टा शिवत बसला होता. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. "मला वाटतंय," ती म्हणाली.

त्याने सुई बाजूला ठेवली. काय, असं त्याने विचारलं नाही. तिने पातेल्याचं सांगितलं. सांगताना ती रडली, तिला थांबवायच्या भानगडीत तो पडला नाही. मग म्हणाला, "आपण न्हाणीघरातल्या नळाला काका म्हणतो, ते का?"

"तुला आठवत नाही?"

"नाही."

तिने आठवून बघितलं. "मलाही नाही."

"म्हणजे आपल्यालाच आठवत नाही, आणि आपण वारसाच्या गोष्टी करतोय," मास्तर म्हणाला. ती रडता रडता हसली, आणि हसून झाल्यावर पुन्हा थोडी रडली. दुःख त्या हसण्याने गेलं नाही. ते हिवाळाभर राहिलं. काही दिवस सकाळी उठल्याबरोबर समोर असायचं, काही दिवस त्याची आठवणच यायची नाही. वसंतात ते विरळ झालं. पुढे एकदोनदा परत आलं, पण तेवढ्या जोराने नाही. दर वेळी तिने मास्तरला सांगितलं. एकदा त्यानेही तिला सांगितलं, बसमध्ये, मोजक्या शब्दांत, आणि मग दोघं आपला थांबा चुकवून पुढे गेली.

तिला कुणी विचारलं असतं, निर्णय चुकला का, तर ती नाही म्हणाली असती. वाईट वाटतं का असं विचारलं असतं, तर हो म्हणाली असती. ही दोन्ही उत्तरं एकाच तोंडात कशी बसतात, असं मात्र कुणी तिला विचारलं नाही.

पातेल्याच्या त्या रविवारानंतरच्या सोमवारी ती नेहमीच्या वेळेला कामाला गेली. एक गृहस्थ रुमालात कवळी घेऊन बसले होते. कुत्र्याने चावली होती. वरचा एक दात निखळला होता आणि हिरडीवर कुत्र्याच्या सुळ्यांच्या चार खोल खुणा होत्या. कवळीताई उजेडात धरून बघत होती, तेवढ्यात गृहस्थ घाईघाईने म्हणाले, "त्याला काही बोलू नका हं. तो बाहेर बसलाय, त्याला कळतं सगळं."

तिने खिडकीतून बाहेर बघितलं. फाटकाशी एक जाडजूड म्हातारा कुत्रा पंजांवर हनुवटी टेकून बसला होता.

"संध्याकाळी या," ती म्हणाली. "तोपर्यंत मऊ खा." आणि कवळी घेऊन ती मागच्या खोलीत गेली.